माहुलीच्या टाक्याचं पाणी

आमच्या घरात माहुलीच्या टाक्याची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. कातळात खोदलेलं टाकं, काठाशी शेंदूर फासलेला गणपती, मी पाण्याशी वाकलो तशी कपारीतून भुर्रकन उडालेली पारव्यांची जोडी— नातवंडंसुद्धा हातवारे करून सांगतात. मी आरामखुर्चीत बसून ऐकतो. एखाद्यानं पारव्यांच्या जागी पोपट घातले तर चूक दुरुस्तही करतो. आणि ते टाकं— हे आजवर माझ्या तोंडून कुणापुढं निघालेलं नाही, बायकोपुढंसुद्धा नाही— ते टाकं मी कधी पाहिलेलंच नाही.

एवढंच असतं तर मी तुम्हाला कशाला बसवून घेतलं असतं? थाप कोण मारत नाही? पण मला मुद्द्यावर यायला वेळ लागतो. ठाण्याच्या कोर्टात वकिली करण्यात जन्म गेला. दुसऱ्याला दोन प्रश्नांत मुद्द्यावर आणायचो, स्वतःच्या बाबतीत मात्र ती कला चालत नाही. तेव्हा जरा धीर धरा.

आधी एक सांगून टाकतो. मी सुखी माणूस आहे. झोप चांगली लागते, जेवण पचतं, मुलं विचारतात. या गोष्टीनं माझं आयुष्य पोखरलं वगैरे असं काही मी म्हणणार नाही, कारण ते खरं नाही. मधूनमधून आठवते, इतकंच. बहुतेक वेळा पाणी पिताना.

तेव्हा आम्ही कल्याणला राहायचो. वडील, म्हणजे आमचे नाना, रेल्वेच्या माल-ऑफिसात होते. मी मुंबईला कॉलेजात नुकता जाऊ लागलो होतो, आणि नुकत्या कॉलेजात जाऊ लागलेल्या मुलाच्या अंगात जे जे असतं ते सगळं माझ्या अंगात होतं. मित्रांत बसलो की मी मोठा सुधारक. जातिभेद म्हणजे मूर्खपणा, सोवळं म्हणजे थोतांड— टेबलावर मूठ आपटून सांगायचो. घरी आलो की निमूटपणे सोवळ्याचा रेशमी मुकटा नेसून आत्याबाईंना विहिरीचं पाणी काढून द्यायचो.

आत्याबाई म्हणजे नानांची थोरली बहीण. लहानपणीच कपाळ पांढरं झालेलं, तेव्हापासून आमच्याकडेच. माझ्यावर त्यांचा फार जीव. सोवळं इतकं कडक की मुंबईला नात्यातल्या लग्नाला गेल्या तर तीन दिवस नुसत्या दुधावर राहिल्या, कारण तिथं नळाचं पाणी, आणि नळाच्या चकतीत चामडं असतं असं कुणीतरी त्यांना सांगितलेलं. मी त्यांची नक्कल करून कॉलेजातल्या मित्रांना हसवायचो. पण त्या कडक होत्या तशा आनंदीही होत्या. कुठं जायचं म्हटलं की सगळ्यांत आधी त्यांचं बोचकं तयार.

त्या कार्तिकात आवळीभोजनाला तानसाच्या नव्या तळ्याकाठी जायचं ठरलं. दरसाल आम्ही गावाबाहेरच्या एका मळ्यात आवळ्याखाली जेवायचो; पण तळं नुकतंच भरलं होतं, जो तो बघून येत होता, आणि नानांना रेल्वेतल्या कुणी सांगितलं की समुद्रासारखं दिसतं. मग काय. पहाटेच्या गाडीनं आटगावला उतरलो. नाना, आई, आत्याबाई, माझी धाकटी बहीण वेणू, चुलत्यांची चिल्लीपिल्ली आणि भांड्याकुंड्यांची दोन पोती. गोमा नावाच्या गाडीवानाची बैलगाडी सांगून ठेवली होती.

गाडीवाट संपली तिथून पुढं पायी. मी आयुष्यात बरंच हिंडलो, पण तशी सकाळ पुन्हा भेटली नाही. एका हाताला डोंगर— पळसगड, मधे माहुली, पलीकडे भंडारगड, एकाला एक चिकटलेले तीन किल्ले, कडे नुसते तासून काढल्यासारखे. दुसऱ्या हाताला खाली तळं. वाट सपाट, सावलीची. आईसुद्धा न थांबता चालत होती. नाना पोरांना किल्ल्यांचा इतिहास सांगत होते आणि पोरं प्रत्येक सुळक्याला बोट दाखवून 'हा कुठला' विचारत होती. नानांना ठाऊक नसलं की ते बेधडक नाव ठोकून द्यायचे. थाप मारायची कला घराण्यातलीच म्हणायची.

आवळ्याचं झाड मिळालं, चुली मांडल्या, आणि प्रश्न उभा राहिला पाण्याचा. आमचं काय, आम्ही तळ्याचं पाणी घेतलं. आत्याबाई म्हणाल्या, या पाण्याखाली गावं गेलीत, गावांच्या मसणवटी गेल्यात, मी नाही ते तोंडात घालणार. ओढ्याचं आणतो म्हटलं तर ओढ्यात गुरं डुंबतात. घरून आणायचं तर आगगाडीत अठरापगड जातींचा स्पर्श. अंघोळीला मात्र तोच ओढा चालला. आता यातलं शास्त्र मला विचारू नका.

तेवढ्यात गोमा बोलला, "वर सोंडंवर टाकं हाय. किल्ल्याच्या येळचं. पानी लय ग्वाड."

झालं. किल्ल्याचं टाकं, जुन्या काळचं, तिथं कुणाचा हात लागत नाही. आत्याबाईंचे डोळे चमकले. "दत्तू, आणशील रे?" म्हणाल्या. सगळ्यांसमोर नाही कसं म्हणणार?

मी ओढ्यात बुडी मारली, ओला पंचा नेसलो, अनवाणी निघालो. खांद्यावर तांब्याची कळशी. टाक्यात कळशी बुडणार नाही, पाणी उपसून भरावं लागेल, म्हणून आत्याबाईंनी आपलं पितळी फुलपात्रही बरोबर दिलं. त्यांच्या लग्नातलं, त्यावर त्यांच्या यजमानांचं नाव कोरलेलं होतं. त्या माणसाची त्यांच्यापाशी उरलेली वस्तू ती एवढीच. ते त्या कुणाला हात लावू देत नसत. मला दिलं.

वाट उभी होती. पायात काटे गेले, ओला पंचा अंगाला चिकटला, सुधारकाचा घसा कोरडा पडला. टाकं काही दिसेना. निम्म्याच्या वर आलो असेन, तर सपाटीवर एक ठाकरांचं खोपट. दारात एक बाई नाचणी झोडत होती. गळ्यात मण्यांच्या माळा, आईच्या वयाची. माझा अवतार बघून ती आधी पोटभर हसली.

मी टाकं कुठं म्हणून विचारलं. तिनं वर बोट केलं. अजून बरंच वर. मग माझ्याकडं पाहिलं, आत गेली आणि एक काकडी आणून हातावर ठेवली. मी ती तिथंच बसून खाल्ली. तिच्या दाराशी मडक्यात पाणी होतं. स्वच्छ, गार. मी म्हटलं, बाई, या कळशीत तुझं पाणी देतेस?

ती थांबली. "आमचं पानी तुला चालंल का रं दादा?"

"चालेल," मी म्हणालो. काय ऐटीत म्हणालो ते! त्या क्षणी मला वाटलं, मी कॉलेजात बोलतो ते आज करून दाखवतोय. मी फुलपात्रानं आधी स्वतः प्यायलो. खरंच गोड पाणी होतं. तिनं मडकं उचलून माझी कळशी काठोकाठ भरली आणि मडकं पालथं घातलं. तिला पुन्हा झऱ्यावर जावं लागणार होतं. त्याचं तिला काहीच वाटलेलं दिसलं नाही.

उतरताना मी मधेच एका सागाखाली बराच वेळ बसलो. का? लवकर खाली गेलो असतो तर संशय आला असता. बघा, सुधारणा तेवढ्यातच संपली होती. बसल्या बसल्या टाकं रचलं. गणपती रचला. पारवे तर मला फारच आवडले. पुढं कोर्टात कळलं की खोटा साक्षीदार असाच ओळखावा: विचारलेलं नसतं ते तो हौसेनं सांगतो.

खाली सगळे वाटच बघत होते. आत्याबाईंनी त्या पाण्यानं डोळे पुसले, भात शिजवला, वरण केलं, आवळ्याला नैवेद्य दाखवला. नाना म्हणाले, पोरानं गड सर केला. खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात; माझ्या पानात त्या दिवशी दोन पुरणपोळ्या जास्त पडल्या. आत्याबाई पळसाच्या द्रोणातून पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "असं पाणी जन्मात प्याले नव्हते." मी पारव्यांची गोष्ट सांगितली. वेणूनं ती पुन्हा सांगायला लावली.

इथं थांबलो असतो तर गंमत होती, नाही का? मी पुष्कळदा मनातल्या मनात इथंच थांबतो.

जेवणं झाली होती. मंडळी सावलीत लवंडली होती, वेणू गाणं म्हणत होती, खाली तळ्यावर ऊन पडलं होतं. आणि वाटेनं ती बाई येताना दिसली. हातात आत्याबाईंचं फुलपात्र. मी ते तिच्या दाराशी विसरलो होतो— माझ्या लक्षातही आलं नव्हतं, आणि स्वयंपाकाच्या गडबडीत आत्याबाईंनीही विचारलं नव्हतं. ती एवढा डोंगर उतरून ते द्यायला आली होती. घासूनपुसून आणलं होतं; पितळ चकाकत होतं.

ती मंडळींपासून जरा दूरच थांबली. माझ्याकडं बघून हसली आणि म्हणाली, "दादा, पानी पुरलं का रं?"

सगळ्यांच्या माना वळल्या. आत्याबाई उठून बसल्या. आईच्या कपाळाला आठी पडली आणि नानांनी विचारलं, "दत्तू, हे भांडं हिच्याकडं कसं?"

आता तुम्हीच बघा, काय काय बोलता आलं असतं. वाटेत विसरलो, म्हणता आलं असतं. टाक्यापाशी राहिलं, हिला सापडलं, म्हणता आलं असतं— तेही खोटंच, पण त्यात तिचं काही बिघडत नव्हतं. मला ते सुचलंच नाही असं म्हणू? सुचलं होतं. पण ती 'पाणी' बोलून बसली होती. ती आणखी एक वाक्य बोलली तर संपलं होतं. तिचं बोलणंच कुणी खरं धरू नये, अशी सोय मला हवी होती. आणि ती सोय हाताशी होती, तयार होती, पिढ्यान्‌पिढ्या तयार होती.

मी म्हणालो, "चोरलं हिनं. मी टाक्यावर पाणी भरत होतो, पाठ वळली तेवढ्यात उचललं. आता घाबरून परत आणलंय."

हे माझं वाक्य. जसंच्या तसं आठवतं.

गोमा लगेच उठला, यांची जातच तशी, पाटलाला सांगतो, वगैरे बोलू लागला. नाना भला माणूस, ते म्हणाले, "जाऊ दे. ठेव ते भांडं तिथं, आणि पुन्हा असं करू नकोस." ती माझ्याकडं बघत होती. रागानं नव्हे. मी आणखी काही बोलेन म्हणून वाट बघितल्यासारखी. मी समोरच्या उष्ट्या पानावरची मुंगी बघत होतो. मग तिनं फुलपात्र एका दगडावर ठेवलं. ते हलत होतं, तर नीट बसेपर्यंत हात काढला नाही. आणि आली तशी गेली.

ती का बोलली नाही? मला माहीत नाही. तिचं नावही मला माहीत नाही.

आत्याबाई तेवढ्यात उठल्या. मला वाटलं, आता खोदून विचारणार. पण त्यांनी कळशीशी जाऊन द्रोण भरून घेतला आणि उभ्यानं, सगळा, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायल्या. मग म्हणाल्या, "चला रे, तळं बघायला जाऊ." माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, यांच्या काही लक्षात आलं नाही.

आणि खरी लाज वाटण्यासारखी गोष्ट सांगू? उरलेली दुपार फार छान गेली. मी पोरांना खांद्यावर घेतलं, तळ्याच्या पाण्यावर चपट्या दगडांच्या भाकऱ्या उडवल्या, गाडीत गाण्यांच्या भेंड्या लावल्या. कल्याणला उतरलो तेव्हा मी आनंदात होतो. सोंग नव्हतं ते.

पुढच्या कार्तिकात पुन्हा तिथंच जायचं ठरलं. सगळ्यांना जागा आवडली होती. गाडीवान गोमाच. बैल हाकता हाकता त्यानं आपणहून सांगितलं— आपण काही मोठं काम केलंय अशा सुरात— की त्या चोरटीची खोड मोडली. आटगावच्या बाजारात ती लाकडाची मोळी विकायला यायची. यानं भांड्याची हकिगत सगळीकडं सांगितली होती. आता तिची मोळी कुणी घेत नव्हतं. तिला दारात उभं करत नव्हतं. "तुमच्यामुळं कळलं, दादा," तो म्हणाला.

गाडी चालली होती. पोरं गात होती. गोमाला एक वाक्य सांगायला किती वेळ लागला असता? मी म्हणालो, "असं का." एवढंच म्हणालो.

त्या खेपेला पाणी आणायला मी गेलो नाही. पाय मुरगळल्याचं सांगितलं. आत्याबाई म्हणाल्या, राहू दे, मला आज तहान नाही. दिवसभर त्या पाण्यावाचून राहिल्या. मला त्यातही काही दिसलं नाही. तेव्हा दिसायला नको होतं, म्हणून दिसलं नाही.

नंतर वर्षं गेली. मी सनद घेतली, ठाण्याला बिऱ्हाड केलं. आत्याबाई कल्याणलाच अंथरुणाला खिळल्या. एका दुपारी मी भेटायला गेलो तेव्हा त्यांच्याजवळ दुसरं कुणी नव्हतं. आजारपणात सोवळं सुटलं होतं. म्हणाल्या, तूच पाणी दे, त्या फुलपात्रातून दे. मी डोक्याखाली हात घालून उठवलं. दोन घोट घेऊन त्या थांबल्या.

"दत्तू, टाक्याचं पाणी कधी प्यायलास का रे? साठलेलं असतं. त्याला शेवाळाचा वास येतो."

मी फुलपात्राच्या काठावरचा थेंब पुसला.

"त्या दिवसाचं झऱ्याचं होतं. कळलं मला ती बोलली तेव्हाच." मग पुन्हा एक घोट. "मी बोलले असते तर मला प्रायश्चित्त घ्यावं लागलं असतं, आणि तुला नानानं झोडपलं असतं. गप्प बसले. ती बाई पुन्हा कधी दिसली का रे तुला?"

बघा. दार सताड उघडून दिलं होतं त्यांनी. घरात तिसरं माणूस नव्हतं. रागावणार तर त्या नव्हत्याच. उलट स्वतःचं अर्धं ओझं माझ्यापुढं उतरवून बसल्या होत्या. मला फक्त 'नाही, आत्याबाई' म्हणायचं होतं. मी तेव्हा वकील होतो, मिशा होत्या, सोवळंओवळं घरातून कधीच गेलं होतं. भीती कसली होती?

मी म्हणालो, "कुठली बाई?"

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. त्या बाईनं बघितलं होतं तसंच, वाट बघितल्यासारखं. मग म्हणाल्या, "काही नाही. पाणी दे." मी फुलपात्र पुढं केलं. त्या प्यायल्या आणि भिंतीकडं तोंड करून झोपल्या. चारच दिवसांनी गेल्या.

फुलपात्र माझ्याकडं आलं. मी रोज त्यातूनच पाणी पितो. कोरलेलं नाव आता जवळजवळ झिजलंय. दर कार्तिकात आम्ही अजून तिथं जातो, तेच तीन किल्ले, तेच तळं, आणि खरं सांगायचं तर मजा येते. या वर्षी धाकटी नात पहिल्यांदाच येणार आहे. टाक्याची गोष्ट तिला आत्तापासूनच येते. परवा तिनं मलाच ती सांगितली— टाकं, शेंदूर लावलेला गणपती, भुर्रकन उडालेले पारवे. काही चुकली नाही. त्या गोष्टीत बाई नाहीच.